गोचिडीचं जुनं पंचांग

"डॉक्टर, तुमचं सदर नेहमी वाचते, पत्र पहिल्यांदाच लिहितेय. बारा दिवसांपूर्वी आम्ही रानात फिरून आलो आणि रात्री माझ्या आठ वर्षांच्या मुलाच्या कानामागे गोचीड सापडली. तिळाएवढी. सासऱ्यांनी पेटती काडी टेकवून ती काढली. तेव्हापासून घरात रोज वाद. धाकटा भाऊ म्हणतो, पृथ्वी तापतेय, परमुलखातल्या गोचिडी सगळीकडे पसरताहेत, नवे रोग आणताहेत, पोराला रानात नेणं बंद कर आणि कुत्रा कुणाला तरी देऊन टाक. सासरे म्हणतात, गोचिडी आमच्या लहानपणीही होत्या, हल्ली कशालाही हवामानबदल चिकटवतात. नवरा दोघांच्या मधे बसून अंगणात फवारणी करणाऱ्यांचे नंबर शोधतोय. खरं कोणाचं? आणि मी करू काय?
एक धास्तावलेली आई"

ताई,

वाद नंतर मिटवू, आधी मुलाचं बघू. मी जनावरांचा डॉक्टर, माणसांचा नव्हे, तरी एवढं नक्की सांगता येईल. गोचीड चावून होणाऱ्या बहुतेक आजारांची लक्षणं महिनाभराच्या आत दिसू लागतात. म्हणजे अजून अठरा दिवस लक्ष ठेवायचं. ताप, सडकून डोकेदुखी, अंग मोडून येणं, अंगावर कुठेही उठलेलं पुरळ. चावल्या जागी दोन दिवस बारीक लाली राहिली असेल तर ती साधी गांध, तिला घाबरू नका. काही दिवसांनी उगवून रोज थोडाथोडा पसरत जाणारा लाल डाग मात्र वेगळा. लाइम नावाच्या आजारात तो दहातल्या सात-आठ जणांना येतो. बाकीच्यांना येतच नाही, म्हणून डाग नाही या भरवशावर ताप अंगावर काढू नका. आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य "याला अमुक तारखेला गोचीड चावली होती" हेच असू द्या. ते आपणहून विचारतील याची वाट बघू नका.

काडीबद्दल सासऱ्यांना मी रागावणार नाही. काडी, रॉकेल, तेल, व्हॅसलीन हे उपाय मी डॉक्टरी शिकलेल्यांच्या घरातही पाहिलेत. पण गोचीड अशी काढत नाहीत. तिचं तोंड करवतीच्या पात्यासारखं असतं, दाते उलटे, आणि अनेक जाती तर चावल्यावर भोवती सिमेंटसारखा चिकट पदार्थ सोडून स्वतःला घट्ट बसवून घेतात. चटका बसला म्हणून ती लगेच सुटत नाही. उलट त्या गडबडीत तिच्या पोटातलं आणि लाळेतलं जे काही आहे ते जखमेत जाण्याची भीती वाढते, शिवाय पोराचा कान भाजतो तो वेगळाच. टोकदार चिमटा घ्यायचा, गोचिडीला कातडीच्या अगदी लगत धरायचं, आणि न पिळता, न हिसडता, सरळ वर ओढत राहायचं. दोन-चार सेकंदांत येते. तोंडाचा बारका तुकडा आत राहिला तर कोरत बसू नका, तो आपोआप बाहेर पडतो. जागा साबणाने धुवा. बोटाने चिरडू नका. तिला पारदर्शक चिकटपट्टीत दाबा, वर तारीख आणि ठिकाण लिहा, ठेवून द्या. पुढे ताप आलाच तर ती पट्टी डॉक्टरांच्या कामी येईल.

आता वाद. तुमच्या घरात दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर आहेत, आणि दोघांनी आपापल्या अर्ध्यालाच धरून ठेवलंय.

गोचिडीकडे आपण उवेसारखं बघतो, म्हणजे अंगावर राहणारा जीव. पण रानातल्या बहुतेक गोचिडींचं तसं नसतं. तिच्या आयुष्याचा नव्वद टक्क्यांहून जास्त काळ कुणाच्याही अंगाबाहेर जातो. अंड्यातून सहा पायांचं पिल्लू निघतं, ते एकदा रक्त पितं, गळून पडतं, कात टाकतं आणि आठ पायांचं होतं. या मधल्या अवस्थेला निम्फ म्हणतात. तिळाएवढी सापडली म्हणता, ती कदाचित हीच. निम्फ पुन्हा एकदा पिते, पुन्हा पडते, मग प्रौढ होते. मादी शेवटचं पोटभर पिऊन एकदाच हजारो अंडी घालते आणि मरते. अख्ख्या आयुष्यात जेवणं तीन. बाकी सगळा काळ पालापाचोळ्यात, गवताच्या मुळाशी, वाट बघण्यात.

आणि तिथे तिला छळतं ते हवामानच. तहान लागली की गोचीड पाणी शोधायला जात नाही. तोंडाशी खारट लाळ आणते, ती लाळ दमट हवेतली वाफ ओढून घेते, आणि मग गोचीड तीच लाळ गिळते. हवा कोरडी झाली की हा धंदा बंद. मग गवताच्या टोकावरून खाली उतरायचं, ओल्या पाचोळ्यात तोंड खुपसून थोडी ओल जमवायची, परत वर चढायचं. वर चढून ती काय करते हे एकदा भिंगातून बघण्यासारखं आहे. मागच्या पायांनी पात्याला धरते आणि पुढचे दोन पाय हवेत पसरून उभी राहते, कडेवर घे म्हणणाऱ्या पोरासारखी. त्या पुढच्या पायांच्या टोकाला तिचं नाकच असतं म्हणा: श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, घामाचा वास, सगळं तिथे कळतं. ती उडी मारत नाही, झाडावरून टपकत नाही. तुम्ही घासून जाता, ती धरते.

म्हणजे गोचिडीचं गणित दोन आकड्यांवर चालतं: ऊब किती दिवस मिळते आणि ओल किती टिकते. तापत्या पृथ्वीवर हे दोन्ही आकडे हलले आहेत. तुमच्या भावाचं अर्धं बरोबर आहे ते इथे.

कॅनडाचं उदाहरण घ्या, कारण तिथे हे सगळं डोळ्यांदेखत घडलं. लाइमचा जिवाणू वाहणारी काळ्या पायांची गोचीड अमेरिकेच्या ईशान्य भागातली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात तिची पक्की वस्ती एकाच ठिकाणी माहीत होती, ईरी सरोवराच्या काठावरच्या लाँग पॉइंट या भूशिरावर. पण ती येत होती सगळीकडे. दर वसंतात उत्तरेला परतणारे पक्षी डोक्यावर, डोळ्यांभोवती निम्फ चिकटवून आणतात. २००८ मध्ये संशोधकांनी याचा अंदाज बांधला, तेव्हा आकडा निघाला एका वसंतात ५ कोटी ते १७.५ कोटी गोचिडी. एवढी आवक असूनही पूर्वी वसती होत नव्हती. याचं कारण लोक समजतात तसं थंडीने गोठणं एवढंच नाही. बर्फाची चादर खालच्या पाचोळ्याला ऊबच देते, गोचीड तिच्याखाली निभावून नेते. खरी अडचण उन्हाळा तोकडा असण्याची होती. अंडी उबायला, कात टाकायला ठरावीक ऊब साठावी लागते. ती एका मोसमात साठली नाही की काम पुढच्या वर्षावर जातं, मग त्याच्याही पुढच्या. दोन वर्षांचं आयुष्य चारावर गेलं की मधल्या काळात मरणाऱ्या जास्त, जन्मणाऱ्या कमी, आणि वस्ती विझते. उन्हाळे लांबले तसा हा हिशेब उलटला. २००९ मध्ये कॅनडाने लाइमच्या रुग्णांची देशभर नोंद सुरू केली तेव्हा वर्षाचे रुग्ण होते १४४. २०१७ मध्ये २,०२५. २०२१ मध्ये ३,१४७. यात डॉक्टरांचं लक्ष वाढलं म्हणून सापडलेले रुग्णही आहेत, पण तेवढ्याने वीसपट होत नाही.

डोंगरावर हेच उभ्या रेषेत दिसतं. चेक देशातल्या क्रकोनोशे पर्वतात विसाव्या शतकाच्या मध्याला गोचिडी साधारण ७०० मीटर उंचीपर्यंत तग धरत. या शतकाच्या सुरुवातीला त्या ११०० मीटरच्याही वर सापडू लागल्या. त्याच उतारावर, त्याच झाडांखाली.

पण मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट मूसची आहे, कदाचित मी जनावरांचा डॉक्टर असल्याने. मूस म्हणजे घोड्याहून उंच हरीण, उत्तर अमेरिकेच्या थंड रानातलं. त्याची एक खास गोचीड आहे, हिवाळी गोचीड. ही तिथलीच, परकी नव्हे. शरद ऋतूत तिची पिल्लं झुडपांवर चढतात आणि एकमेकांच्या पायांत पाय अडकवून झुबके करून बसतात. एक मूस घासून गेला की झुबकाच्या झुबका त्याच्या अंगावर. मग सगळा हिवाळा तिथेच मुक्काम, एप्रिलच्या सुमारास फुगलेल्या माद्या खाली पडतात. आता बघा: शरदात बर्फ लवकर पडलं तर वाट बघणारी पिल्लं मरतात, एप्रिलमध्ये बर्फ शिल्लक असलं तर पडलेल्या माद्या मरतात. निसर्गाने दोन्ही टोकांना कात्री ठेवली होती. हिवाळा दोन्हीकडून आखडला आणि दोन्ही कात्र्या बोथट झाल्या. न्यू हॅम्पशायर आणि मेन राज्यांत एकेका वासरावर दहा-दहा हजारांच्या पटीत गोचिडी मोजल्या गेल्या आहेत. वासरू झाडाला अंग घासून घासून केस तोडून घेतं, उरलेल्या पांढुरक्या खुंटांमुळे लांबून भुतासारखं दिसतं, तिकडे त्याला भूत-मूसच म्हणतात. आणि वसंत येता येता रक्त संपून ते बसतं, ते उठत नाही. वाईट वर्षांत अर्ध्याहून जास्त वासरं अशी गेली.

मी हे मुद्दाम लांबवून सांगितलं, कारण कुणी "पृथ्वी दोन अंशांनी तापली तर काय बिघडतं" म्हणालं की मला ती वासरं आठवतात.

आता सासऱ्यांचा अर्धा भाग. गोचिडी परमुलखात जाणं नवं नाही, आणि हवामानाने त्यांना पोहोचवलंही नाही. पोहोचवलं आपण. गुरांची जी गोचीड आज जगभरच्या उष्ण प्रदेशांत गोचीड-ताप पसरवते, ती मूळची आशियातली. गुरांच्या व्यापाराबरोबर ती ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका असा सगळा प्रवास करून बसली, आणि त्या काळी तापत्या पृथ्वीची चर्चाही नव्हती. गोचीड रोग वाहते हे सिद्ध झालं तेही गुरांच्याच तापावरून: १८९३ मध्ये थिओबाल्ड स्मिथ आणि त्याचा सहकारी किलबोर्न यांनी अमेरिकेत ते दाखवून दिलं. डास मलेरिया वाहतो हे कळायला अजून चार वर्षं होती. आमच्या पेशाने मिरवावं अशा मोजक्या गोष्टींपैकी ही एक.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर लांब शिंगांच्या गोचिडीचं घ्या. मूळ पूर्व आशियातली. २०१७ मध्ये ती अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका मेंढीच्या अंगावर सापडली, एकेकटी नव्हे, शेकड्यांनी. ती मेंढी कधी परदेशी गेली नव्हती. मग जुने साठवलेले नमुने पुन्हा तपासले, तर २०१० मध्ये वेस्ट व्हर्जिनियात एका हरणावरून काढलेली गोचीड हीच निघाली. म्हणजे सात वर्षं ती राहत होती आणि कुणाला पत्ता नव्हता. या गोचिडीची मादी नराशिवाय अंडी घालते. एक मादी आली, की वस्ती झालीच म्हणून समजा. आज ती तिथल्या विसेक राज्यांत आहे, गुरांत थायलेरिया या रक्तातल्या परजीवीचा एक घातक प्रकार पसरवते, आणि तिच्या मूळ मुलखात माणसांना मारणारा एक विषाणूही तीच वाहते. यात हवामानाने तिला आणलं असं मी म्हणणार नाही. आणलं बहुधा कुठल्यातरी जनावराने. ती पुढे किती उत्तरेला जाईल, हे मात्र हवामान ठरवेल.

या दोन गोष्टी एकत्र कशा येतात ते हायलोमा नावाच्या गोचिडीत सगळ्यात स्वच्छ दिसतं. ही आकाराने मोठी, पायांवर पांढरट पट्टे. गवतावर हात पसरून वाट बघण्याचा धीर हिला नाही. हिला डोळे असतात, आणि सावज दिसलं की ती जमिनीवरून चक्क धावत येते. हिच्या जातीतून क्रायमियन-काँगो ताप पसरतो, ज्यात दहा ते चाळीस टक्के रुग्ण दगावतात. आफ्रिका आणि भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पक्ष्यांवर बसून हिची पिल्लं शतकानुशतकं उत्तर युरोपात पडत आली आहेत. पडायची आणि तिथेच मरायची, कारण निम्फची प्रौढ व्हायला जी ऊब लागते ती तिथे नव्हती. २०१८ चा उन्हाळा तिकडे कडक आणि कोरडा गेला. त्या वर्षी जर्मनीत, स्वीडनमध्ये, इंग्लंडमध्येसुद्धा घोड्यांवर प्रौढ हायलोमा सापडल्या. पक्षी तेच होते, गोचीड तीच होती, फक्त त्या वर्षी दार उघडं राहिलं. दक्षिण फ्रान्सच्या मुख्य भूमीवर तर तिची वस्ती झालीच आहे, आणि स्पेनमध्ये २०१६ पासून या तापाचे स्थानिक रुग्ण नोंदले जाताहेत.

तरीही, ताई, प्रत्येक साथीवर "हवामान" असा शिक्का मारायला माझा विरोध आहे, आणि इथे सासऱ्यांच्या बाजूने एक भक्कम पुरावा देतो. एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुआनिया या तीन देशांत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गोचिडींमुळे होणारा मेंदूज्वर अचानक कित्येक पटींनी वाढला. हवामानाकडे बोट दाखवणं सोपं होतं. ऑक्सफर्डच्या सॅरा रँडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र बारकाईने पाहिलं, तर एवढी उडी केवळ तापमानावरून समजावता येईना. सोव्हिएत व्यवस्था कोसळली होती, शेतं ओस पडून त्यांत झुडपं माजली होती, नोकऱ्या गेलेले लोक अळंबी आणि रानफळं गोळा करायला पूर्वीपेक्षा जास्त रानात शिरत होते. गोचिडी थोड्या वाढल्या, माणसं त्यांच्या वाटेत जास्त आली. अमेरिकेत हरणं एकेकाळी शिकारीने संपत आली होती, ती आज कोट्यवधी आहेत, शहरांच्या कडेला घरं रानात घुसली आहेत, याचाही गोचिडींच्या वाढीत मोठा वाटा आहे. भारतातला माकडताप, तोही गोचिडींमुळेच होणारा, १९५७ मध्ये क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला, तेव्हाही बोलणं जंगलतोडीचं आणि चराईचं होतं.

आणखी एक गोष्ट भावाला सांगा. ऊन फार झालं आणि ओल गेली की गोचिडीही मरतात. तापमान वाढलं म्हणजे जगभर सगळीकडे गोचिडी वाढणार, असं नाही. थंड प्रदेशाच्या कडेला त्यांचा मुलूख वाढतोय, तर काही उष्ण, कोरड्या भागांत काही जातींना जगणं अवघड होईल. नकाशा सरकतोय, नुसता फुगत नाही. ज्या जागा नव्याने त्या नकाशात येतात तिथे त्रास जास्त, कारण तिथल्या लोकांना सवय नसते आणि तिथल्या डॉक्टरांच्या डोक्यात तो आजार पहिल्या फटक्यात येत नाही.

सवयीवरून माझीच एक चूक सांगतो. कित्येक वर्षं मी गोठेवाल्यांना सांगत आलो की गारठा पडला की गोचिडीचं औषध थांबवा, पुढच्या मोसमात बघू. माझ्या गुरूंनी मला तसं शिकवलं होतं आणि त्यांच्या काळात ते खरंही होतं. एका वर्षी ऐन थंडीत एका गाईच्या कासेवर टपोऱ्या गोचिडी दिसल्या. मी मालकाला म्हणालो, औषध नीट लावलं नसेल. दुसऱ्या गोठ्यात तेच, तिसऱ्या गोठ्यात तेच. तिसऱ्या मालकाने शांतपणे विचारलं, "डॉक्टर, औषध आम्ही तुमच्याच सांगण्यावरून बंद केलंय ना?" त्या दिवशी घरी येऊन मी माझं पंचांग फाडलं. काळ्या पायांची प्रौढ गोचीड तर तापमान चार अंशांच्या वर गेलं की बाहेर पडते. हिवाळ्यातला एक उबदार रविवार तिला पुरतो, आणि नेमक्या त्याच रविवारी आपणही पोरांना घेऊन बाहेर पडतो.

तेव्हा तुमच्या घरातल्या भांडणात मला खटकतं ते हे, की दोघंही वादाच्या नादात मोसम आणि जागा यांचा जुना हिशेब तसाच धरून बसले असतील. "या दिवसांत नसतात", "इकडच्या रानात कधी पाहिल्या नाहीत" ही दोन वाक्यं घरातून हद्दपार करा. बाकी वाद चालू ठेवायला हरकत नाही.

आता काय करायचं. रानात जाणं बंद करू नका. आठ वर्षांच्या पोराला झाडांपासून तोडून जे नुकसान होईल त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही म्हणून ते नसतं असं नाही. पायवाटेच्या मधून चालायचं, कडेचं उंच गवत टाळायचं. पँट फिक्या रंगाची, तिची टोकं मोज्यात खोचलेली. दिसायला वेंधळं दिसतं, पण गोचीड खालून वर चढते आणि फिक्या कापडावर ती लगेच दिसते. उघड्या त्वचेला डीट, म्हणजे किड्यांना दूर ठेवणारं रसायन, असलेलं मलम, मुलांसाठीचं प्रमाण डब्यावर बघून. परमेथ्रिन हे औषध कपड्यांसाठी असतं, अंगावर लावायचं नाही. घरी आल्यावर कपडे गार पाण्यात धुऊन गोचीड मरत नाही, ती पोहून निघते. कपडे सुकवायचं गरम हवेचं यंत्र असेल तर कोरडे कपडे आधी त्यात दहा मिनिटं फिरवा, नसेल तर कढत पाणी.

मग अंग तपासायचं. ही गोष्ट टाळली तर वरचं सगळं अर्धवट. केसांत, कानामागे, काखेत, बेंबीत, कमरेच्या इलॅस्टिकखाली, जांघेत, गुडघ्याच्या मागे. डोळ्यांपेक्षा बोटं फिरवा, निम्फ हाताला खरखरीत लागते. लाइमचा जिवाणू गोचिडीच्या पोटातून आपल्यात यायला बहुधा चोवीस तासांहून जास्त घेतो, म्हणून त्याच रात्री काढलेल्या गोचिडीने निदान तो धोका बराच कमी होतो. काही विषाणू मात्र एवढी सवलत देत नाहीत, म्हणून उद्यावर ढकलू नका.

कुत्रा देऊ नका. तो बिचारा या प्रकरणात आरोपी नाही, पहारेकरी आहे: घरात गोचीड आली हे त्याच्या अंगावर आधी कळतं. त्याच्या डॉक्टरकडून गोळी किंवा मानेवर सोडायचं औषध ठरवून घ्या आणि ते बाराही महिने चालू ठेवा. घरात मांजर असेल तर परमेथ्रिनचं कुत्र्याचं औषध तिच्यापासून लांब, मांजराला ते विष आहे. कुत्र्याचे कान आतून, पट्ट्याखालचा भाग आणि पायांच्या बोटांच्या बेचक्या रोज चाचपा. हे मी जरा जोर देऊन सांगतोय त्याला कारण आहे. कुत्र्याची तपकिरी गोचीड सहसा माणसाकडे वळत नाही. पण कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एक मजेशीर प्रयोग केला: दोन मोठ्या पेट्या, एकीत कुत्रा, दुसरीत माणूस, मधे पारदर्शक नळी आणि नळीत गोचिडी. साधारण २३ अंशांना त्या कुत्र्याकडे जायच्या. तापमान ३८ च्या आसपास नेल्यावर बऱ्याच जणी माणसाकडे वळल्या. २०२० मधला हा प्रयोग छोटा आहे, त्यावर इमारत बांधू नका, पण उकाड्याच्या दिवसांत कुत्र्याचं औषध चुकवू नये एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

आणि तुमच्या यजमानांना फोन ठेवायला सांगा. अमेरिकेत २,७०० हून जास्त घरांवर याची रीतसर चाचणी झाली. अर्ध्या अंगणांत कीटकनाशक, अर्ध्यांत नुसतं पाणी, कुणाकडे काय फवारलं हे घरच्यांना माहीत नाही. कीटकनाशकाच्या अंगणांत गोचिडी साठ टक्क्यांच्या आसपास कमी झाल्या. लोकांना गोचिडी चावण्याचं आणि आजारी पडण्याचं प्रमाण मात्र दोन्हीकडे सारखंच राहिलं. मधमाश्या मात्र फुकट मरतात. त्यापेक्षा पाचोळा झाडून काढा, गवत कापा, झाडी आणि अंगण यांच्यामधे मीटरभर रुंदीचा खडीचा पट्टा टाका. कोरडी, तापलेली खडी ओलांडणं गोचिडीला जिवावर येतं. लाळेचं ते मघाशी सांगितलंच.

सासऱ्यांना एक काम द्या. टोकदार चिमटा आणून तो त्यांच्या ताब्यात ठेवा. काढायचा हात त्यांचाच स्थिर दिसतो, काडीने का होईना, पोराच्या कानामागून गोचीड काढली त्यांनी. आणि मुलाला एक वही द्या: तारीख, कुठे फिरलो, किती सापडल्या, कुणाच्या अंगावर. वर्षभराने ती वही घेऊन मामा आणि आजोबांना समोरासमोर बसवा.

अठरा दिवसांत ताप आला नाही तर मला पुन्हा पत्र लिहायची गरज नाही. आला, तर पत्र लिहीत बसू नका, आधी दवाखाना.